हातांनी कादंबरी सांगणारा

आमचं नवरा-बायकोचं भांडण सुरतेच्या डिंडोलीत कधी कुणाच्या कानावर गेलं नाही. शेजारची छाया मला म्हणायची, "उषाबाई, नशीब काढलंत बाई. तुमच्या घरातून कधी आवाज नाही." मी नुसती हसायचे. तिला काय सांगणार, डोंबल? आम्ही भांडायचो, चांगले कडाकडा भांडायचो, पण ओठांनी. आमचे हे, म्हणजे सुकलाल, लूमच्या खात्यात कारीगर. मागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. एका छपराखाली शंभरावर माग धडधडत असतात, शेजाऱ्यानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ हलवतात, हात हलवतात आणि समोरचा बघून समजतो. हर्षदा व्हायच्या आधी मीसुद्धा दुसऱ्या एका खात्यात कांड्या भरायला जायचे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. त्यामुळे ही बोली मलाही पक्की येते. छाया चहा पीत बसलेली असायची आणि मी तिच्या डोक्यावरून ह्यांना सगळं सुनवायचे, "रेशन आणलं नाही, पिशवी तशीच घेऊन आलात, लाज आहे का?" ह्यांचं उत्तरही तसंच यायचं. छाया बशी पुसून निघायची आणि जाताना पुन्हा म्हणायची, किती गुण्यागोविंदानं राहता तुम्ही.

पण उलटं पण होतं बरं का. खात्यात जन्म काढलेल्या माणसाचे कान जड होतात. मग घरी हे जे काही बोलायचे ते ठणाणा. कुणाच्या लग्नात माझ्या कानाशी लागून म्हणायचे, "वरणात मीठ नाही," ते थेट नवरदेवापर्यंत जायचं. हर्षदा शाळेत जायला लागली आणि गुजरातीच बोलायला लागली. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "मम्मी, पप्पाने कहे ने, धीरे बोले!"

हे शिंदखेड्याकडचे. सातवी पास. शेती भावांच्यात वाटली तर प्रत्येकाला उभं राहायला जागा उरेल एवढीच, म्हणून चुलत्याबरोबर भुसावळ पॅसेंजरनं सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरले ते इथलेच झाले. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या आईला सगळ्यांनी सांगितलं, पोरगा सोन्यासारखा आहे, दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही. सगळं खरं होतं. वाचायचं व्यसन आहे हे मात्र एकानंही सांगितलं नाही.

व्यसन म्हणजे व्यसनच. शहरात महाराष्ट्रातल्या लोकांचं एक मंडळ आहे. बँकेतले, पोस्टातले, शाळामास्तर असे लोक. त्यांची मराठी पुस्तकांची लायब्ररी. सुट्टीच्या दिवशी हे सायकल हाणत तिकडे जायचे. तिथले सेक्रेटरी अविनाशराव करंदीकर, बँकेतले, स्वभावानं गरीब माणूस पण सदा घाईत. त्यांनी ह्यांना एकदा पुस्तक दिलं त्र्यंबक सोनगीरकरांचं. झालं! तिथून आमच्या घरात सोनगीरकर राहायलाच आले म्हणा.

सोनगीरकर म्हणजे मोठे कादंबरीकार. सरकारची बक्षिसं, दिल्लीचं बक्षीस, कॉलेजात त्यांची पुस्तकं शिकायला. पण माणूस आमच्याच मुलखातला, तापीच्या अंगाचा. त्यांची सगळी हकिगत मला पाठ आहे, न वाचता. सांगू? जन्म साक्रीकडचा. बाप लहानपणीच घर सोडून गेलेला. आईनं वाढवलं. आधी शाळेत मास्तर, मग जिल्हा परिषदेत कारकून, साहेबाशी भांडून राजीनामा. पहिली कादंबरी 'सव्वा बिघा' छापायला कुणी तयार नाही, चार वर्षं ट्रंकेत. मग 'तापीपल्याडची सोयरीक', मग 'आडगावची धाकटी', तिनं नाव झालं. हे सगळं पुस्तकाच्या पाठीमागं छापलेलं असतं आणि आमचे हे जेवताना मोठ्यानं वाचायचे. स्वतःच्या बापाची जन्मतारीख विचारली तर वर आढ्याकडे बघतील, पण सोनगीरकरांची विचारा!

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, आठवतो ना? वस्तीच्या वस्ती गाठोडी बांधून गावाकडे पळाली. आम्हीपण पळालो. गावाला पोचल्यावर मी पिशवी उघडली तर पोरीचा स्वेटर नाही, तवा नाही, आणि वर आपली लायब्ररीची 'धाकटी' ऐटीत बसलेली. मी जे तोंड सोडलं त्या दिवशी, ते ओठांनी नव्हे, चांगलं मोठ्यानं, सासूबाई धुरपदाबाईंच्या घरात जाऊन बसल्या तरी त्यांना ऐकू गेलं. धुरपदाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, भिकनची आई. भिकन ह्यांच्याच खात्यात होता, तोही आईला भेटायला पळून आलेला. तो दारात उभा राहून खदाखदा हसला. म्हणाला, "वहिनी, ह्याच पुस्तकाची गोष्ट आम्हाला खात्यात चालू आहे. अर्धी राहिली आहे. बरं झालं आणलं."

मला तेव्हा कळलं, हे खात्यात काय उद्योग करतात ते.

ऐका आता. एका कारीगराकडे आठ माग. चार ह्या अंगाला, चार त्या अंगाला, मधे गल्ली. तार तुटली की जोडायची, कांडी संपली की बदलायची, बाकी उभं राहायचं बारा-बारा तास. त्या उभं राहण्यात आमचे हे कादंबरी सांगायचे. ओठांनी थोडी, हातांनी जास्त. प्रत्येक माणसाची खूण ठरलेली. करंगळी नाकाला लावली की धाकटी सून. मिशीला पीळ दिला की सासरा. पदर डोक्यावर ओढून मान हलवली की सासू. डोक्याशी दोन मुठी धरल्या की म्हैस. आणि तळहातावर बोटानं लिहिल्यासारखं केलं की लेखक, म्हणजे सोनगीरकर. ह्या गल्लीतून त्या गल्लीत, कारीगर बघून पुढच्याला सांगणार. ह्यांची कांडी संपली की गोष्ट तिथंच अडकायची. मग भिकन पळत येऊन ह्यांची कांडी बदलून द्यायचा, का तर धाकटी विहिरीच्या काठावर उभी आहे आणि हा बाबा तार जोडत बसलाय!

सगळ्यात जास्त मागणी म्हशीला. 'धाकटी'तला तो भाग असा आहे. आडगावच्या घरात एक म्हैस असते, ती फक्त धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला दूध देते. नवरा एक दिवस न सांगता निघून जातो. म्हैस सगळ्यांना लाथा मारते. सासरा म्हणतो, विकून टाका. घरात तान्हं पोर, दूध तर पाहिजे. मग धाकटी काय करते? नवऱ्याचं घामट धोतर नेसते, त्याचं पागोटं बांधते, त्याच्यासारखी खोकते आणि पहाटे म्हशीखाली बसते. म्हैस पान्हा सोडते! तेवढ्यात सासू गोठ्यात येते, अंधारात पागोटं बघते, "आला रे माझा राजा!" करून धाकटीच्या गळ्यात पडते. बादली उलटते, म्हैस उधळते, पाळण्यातलं पोर भोकाड पसरतं. असा सगळा गोंधळ. हे एकटेच धाकटी व्हायचे, सासू व्हायचे आणि म्हैसपण व्हायचे म्हणे. म्हणे, कारण मी काही बघितलं नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की ह्यांच्या गल्लीतल्या कापडाला डाग जास्त पडतात म्हणून शेठ ओरडतो.

आता खरी गोष्ट. शहाण्णवच्या थंडीत 'धाकटी' दुसऱ्यांदा सांगून झाली. पोरांनी मागून घेतली होती. आणि भिकनच्या डोक्यात किडा वळवळला. भिकनला वाचता येत नाही. त्यानं गल्लीच्या त्या टोकावरून ह्यांना विचारलं, हे सगळं तूच रचतोस ना? हे म्हणाले, नाही रे बाबा, सोनगीरकर आहेत, मोठे लेखक आहेत. भिकन म्हणाला, "आपलावर कोन पुस्तक लिखी? आपुन काय राजा शेतस?" पुस्तकं राजांवर असतात, देवांवर असतात, शहरातल्या गोऱ्या बायांवर असतात. खान्देशातल्या म्हशीवर पुस्तक लिहिणारा माणूस असेल, तर "मंग लई ये त्याले आठे!" त्याला इथं आणून दाखव.

सगळं खातं बघत होतं. आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. तळहातावर लिहिल्याची खूण करून, मग पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवून ह्यांनी सांगितलं, आणतो. ह्या गल्लीत उभा करतो. नाही आणला तर पुन्हा एक गोष्ट सांगणार नाही.

घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "वा! भीष्माचार्य! आता हस्तिनापूरचं रेशन कोण आणणार?" पण हे हसले नाहीत. आणि त्या दिवसापासून खात्यात गोष्ट बंद. तिथं बंद म्हणजे घरीही बंद. जेवताना पुस्तकाच्या पाठीमागचं वाचणं नाही, सायकल काढून लायब्ररीत जाणं नाही. भाकरी पुढ्यात घेऊन बसायचे. मी इतकी वर्षं त्या पुस्तकांच्या नावानं बोटं मोडली, आणि आता घर इतकं शांत झालं तर माझाच जीव खालीवर व्हायला लागला. माणूस वाईट सवयीसकट आवडतो बाई, काय करणार!

मग देवाला दया आली. मंडळाच्या फळ्यावर कागद लागला. सोनगीरकरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण, मंडळात जाहीर सत्कार, रविवारी संध्याकाळी. हे सायकलवरून उडतच घरी आले. तसेच मला घेऊन अविनाशरावांकडे. अविनाशरावांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. म्हणाले, "अहो सुकलाल, संध्याकाळी सत्कार, मग अध्यक्षांकडे जेवण, सोमवारी दुपारी त्यांची गाडी. आता शहराबाहेर तुमच्या कडोदऱ्याच्या खात्यात न्यायचं म्हणजे... वय झालंय हो त्यांचं. बघू." मंडळवाल्यांचं 'बघू' काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हळदीकुंकवाला हॉल मागितला होता तेव्हाही 'बघू'च म्हणाले होते.

रविवारी आम्ही गेलो. खात्यातले बिनपाळीचे दहा-बाराजण धुतलेले शर्ट घालून आले. भिकनची दिवसपाळी होती. त्यानं निरोप दिला होता, मी नाही येत, त्यालाच आण. पुढच्या खुर्च्या मंडळाच्या लोकांनी भरलेल्या, आम्ही पार शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. सोनगीरकर आले. लहानसा म्हातारा, धोतर, लोकरी टोपी, जाड चष्मा. हार झाला, शाल झाली, अध्यक्ष बोलले, मग आणखी एक बोलले. म्हातारा बोलायला उठला आणि बत्ती गुल!

जनरेटर लावला. तो होता नेमका स्टेजच्या मागच्या खिडकीखाली. फडफड करून दिवे आले, पंखे आले, आणि माइकमधून फाटकन आवाज येऊन माइक गेला तो गेलाच. जनरेटरचा तो धडधडाट. पुढचे लोक कानामागं हात धरून बसले. अविनाशराव घामाघूम, इकडून तिकडे पळतायत. म्हातारा दोन वाक्यं बोलून थांबणारच होता, पण आमच्या रांगेत खसखस पिकली.

कसं आहे, आमच्या माणसांना जनरेटर म्हणजे घरच्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याच्या ओठांवर उजेड चांगला होता. तो सांगत होता, पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा मी आईच्या हातात नेऊन दिलं. तिला अक्षरओळख नाही. तिनं पुस्तक हातात धरून वजन बघितलं आणि म्हणाली, "इतलं लिखं, हात दुखना नही का रे?" आणि माझा हात मांडीवर घेऊन तेल चोळायला बसली. आमची रांग फिस्सकन हसली. मीपण. म्हातारा चमकला. त्यानं मान वर करून बघितलं. पुढचे लोक गप्प आणि सगळ्यात लांबचे हसतायत! त्यानं पुढचा किस्सा सांगितला, साहेबाशी भांडला तो. आम्ही पुन्हा हसलो. मग पुढचे लोक माना वळवून आमच्याकडे बघायला लागले, आणि आम्ही हसलो की मागाहून तेही हसायला लागले. काय हसतोय ते ठाऊक नाही, तरी हसतायत. अध्यक्षांच्या सौ. तर डोळे पुसत होत्या. गोपाल नावाचा आमच्यातला एकजण उठून उभा राहिला आणि पुढच्यांना मोठ्यानं सांगायला लागला, "आता म्हणतात, साहेबाची सही अशी होती, जशी कोंबडी..." हॉलभर हशा. असा सत्कार मंडळात आजवर झाला नसेल. म्हातारा तर असा रंगात आला की थांबेचना.

कार्यक्रम संपला तसा तो हातातली काठी टेकत थेट मागं आला. ह्यांच्यासमोर उभा राहिला. "तुम्हाला ऐकू कसं आलं हो?"

आणि आमचे हे! एवढा हातांनी रामायण-महाभारत सांगणारा माणूस, हात दोन्ही बाजूला लोंबकळत ठेवून नुसते बघत राहिले. मी कोपर मारलं, तरी तसेच. मग मी म्हटलं, गेलं खड्ड्यात, आता लाजून चालायचं नाही. पदर खोचला आणि म्हणाले, "बाबा, ही लूमवाली माणसं. ह्यांना कानाचं काम नाही. हे माझे मालक. तुमची सगळी पुस्तकं ह्यांनी खात्यात हातांनी सांगितली. आता एकजण म्हणतो, तुम्ही नाहीच आहात. म्हणून गोष्ट बंद पडली आणि घरात सुतक आहे. उद्या गाडीच्या आधी आमच्याकडे जेवा आणि खात्यात येऊन उभे राहा. पाय दुखले तर मी तेल चोळून देईन."

अविनाशराव मागून "अहो वहिनी, अहो वहिनी" करत होते. म्हातारा काठीवर रेलून माझ्याकडे वाकला. मग डोळे मिचकावून विचारलं, "जेवाले काय करशी व माय?"

इतक्या लोकांत त्यांनी आमची घरची बोली काढली, मला भरूनच आलं. मी म्हटलं, "कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल." म्हातारा अविनाशरावांना म्हणाला, "सकाळी कुठं जायचं ते ह्या बाई सांगतील."

सोमवारी म्हातारा आमच्या ओट्यावर मांडी घालून जेवला. अर्धी डिंडोली दारात. नंतर अविनाशरावांच्या मारुतीत आम्ही सगळे कोंबून बसलो. ते गाडी चालवताना पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते, पण खरं सांगू, मजा त्यांनाही येत होती. खात्याच्या दाराशी शेठ उभा. हे त्याला आधीच सांगून आले होते, आणि आम्ही पोचेपर्यंत ह्यांचे माग पाळी नसलेला गोपाल सांभाळत होता. शेठ म्हणाला, "आववा दो ने! पण मशीन बंद नै थवुं जोईए, हां!" कापड किती मीटर निघालं त्यावर मजुरी असते, त्यामुळे माग बंद करायला कारीगरही तयार नसतो. मशीन कशाला बंद होतंय?

आत पाऊल टाकलं आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले. हवेत सुताचा भुगा. हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, दोन्ही हात वर करून सगळ्यांना बोलावलं आणि तळहातावर लिहिल्याची खूण करून म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या खात्याच्या माना वळल्या. भिकनची वळली नाही. तो तार जोडत होता. जोडून झाल्यावर त्यानं म्हाताऱ्याला टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं आणि ओठ हलवले, "असा दहा बाबा उधना स्टेशनवर बठेल शेतस."

माझं रक्त असं तापलं! हे लगबगीनं पुस्तक घेऊन गेले, मागचा फोटो दाखवला. फोटोतला माणूस तिशीतला, काळेभोर केस, चष्मा नाही. भिकननं फोटो बघितला, म्हाताऱ्याला बघितलं आणि खांदे उडवले. ह्यांचा चेहरा उतरला. इतकं करून आणलं, आणि गोष्ट बंदच राहणार.

म्हाताऱ्याला ओठांतलं काही कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. आयुष्यभर तेच बघत आला होता तो. त्यानं ह्यांचा दंड धरला आणि हातानं सांगितलं, तू सांग. मला बघायचंय.

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग डोक्याशी दोन मुठी धरल्या. म्हैस!

मी लग्नाची बायको, पण हा माणूस मी कधी बघितला नव्हता. त्या गल्लीत, त्या धडधडाटात आमचे हे धोतर नेसले, पागोटं बांधलं, खोकले. नुसत्या हवेतून सगळं उभं केलं. म्हशीच्या आचळाला हात लावताना अशी भीती दाखवली की माझेच पाय मागे सरले. मग म्हैस झाले आणि मान वाकडी करून धाकटीच्या पागोट्याचा वास घेतला. हसून हसून पोरं मागावर वाकली. मी ह्यांच्या प्रेमात पडले, आता लाज कसली सांगायला. घरात कपबशी जागेवर न ठेवणारा माणूस एवढ्या सगळ्यांना असा धरून ठेवतो! मग सासू आली, पदर सावरत, हात पसरून, "आला रे माझा राजा!" बादली उलटली. म्हातारा पोट धरून हसत होता. आणि मग ह्यांनी पाळण्याची खूण केली, दोन हात हलवून, आतलं पोर रडतंय.

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. त्यानं पाळण्याकडे बोट दाखवलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. आणि उभ्याउभ्या, सगळं खातं हसत असताना, चष्म्याखालून घळाघळा रडायला लागला. आवाज नाहीच. तिथं कुणाचाच नसतो.

हे घाबरले, मधेच थांबले. अविनाशराव रुमाल काढत पुढे झाले. पण त्यांच्याआधी भिकन आला. त्यानं आपले आठच्या आठ माग खटाखट बंद केले, एका अंगाचे, मग दुसऱ्या अंगाचे. शेठ दारातून हातवारे करतोय, हा बघायला तयार नाही. बनियनला हात पुसत आला, म्हाताऱ्याच्या पाया पडला आणि उठून ह्यांना म्हणाला, "हाऊच शे तो. दुसरानी म्हैसकरता कोनी रडस का?"

मग तो म्हाताऱ्याकडे वळला. एवढा तोंडाळ माणूस, पण त्याला सुरुवात कशी करावी कळेना. त्यानं स्वतःच्या छातीला हात लावला. डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. मग आपला तळहात पुढे करून त्याच्यावर बोटानं लिहिलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आपल्यावर कोण लिहील म्हणणारा तो भिकन!

म्हाताऱ्यानं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि छपराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "त्याची आई! धुरपदाबाई! तिच्यावर लिहा म्हणतो!"

म्हाताऱ्यानं सुताचं एक पोतं ओढलं, त्याच्यावर बसला, काठी बाजूला ठेवली आणि भिकनला खूण केली, सांग. अविनाशरावांनी घड्याळ पुढे केलं, गाडी आहे. त्यांचं घड्याळ म्हाताऱ्यानं हातानं झाकून टाकलं. भिकन समोर उकिडवा बसला आणि सांगायला लागला. त्याला ह्यांच्यासारखं येत नव्हतं. हात चुकत होते, तो परत पहिल्यापासून घेत होता. धुरपदाबाई शेतातून येतेय, पुरात शिरतेय, डोक्यावर काहीतरी आहे. शेळी आहे की पोर आहे ते कळायला सगळ्यांना वेळ लागला. भिकनच होता तो, तान्हा.

शेठ आत आला होता, भिकनच्या बंद मागांकडे बोट करून ओरडत होता. आमच्या ह्यांनी त्याला हातानंच सांगितलं, गप. आणि जाऊन भिकनचे माग एकेक करून चालू केले. आपले आठ, त्याचे आठ. एक माणूस सोळा माग चालवतो का कुठं? हे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते, तार जोडत होते, घाम पुसत होते, आणि पळता पळता मान वळवून धुरपदाबाई कुठवर आली ते बघत होते. मी कांड्यांची टोपली उचलली आणि ह्यांच्यामागून पळायला लागले.